बंदुकीची नोंद आणि नोंदीची भीती

१३ जुलै २०२४. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात बटलर इथे डोनाल्ड ट्रम्प यांच्या सभेत गोळीबार झाला. हल्लेखोर छपरावरच मारला गेला. त्याच्याजवळ ओळखपत्र नव्हतं. रायफल मात्र होती, आणि रायफलीवर क्रमांक होता. तो क्रमांक वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावच्या एका सरकारी कार्यालयात कळवला गेला. बंद पडलेल्या एका बंदुकीच्या दुकानाच्या जुन्या दप्तरात त्याची नोंद निघाली. ती रायफल हल्लेखोराच्या वडिलांनी विकत घेतली होती. एवढं कळायला अर्धा तास पुरला.

ही बातमी वाचून कुणालाही वाटेल की अमेरिकेत बंदूकमालकांची यादी आहे. तशी यादी नाही. अशी यादी करायला तिथल्या केंद्र सरकारला कायद्यानेच मनाई आहे. ज्या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, तिथे कुठली बंदूक कुणाकडे आहे हे सरकारने लिहून ठेवू नये असं कोट्यवधी लोकांना मनापासून वाटतं. आपल्याला हे विचित्र वाटतं. पण त्यांची भीती नीट ऐकून घेतली, तर तिचा एक धागा आपल्याही इतिहासात सापडतो.

परवाना, तपासणी आणि नोंदणी

या वादात तीन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. गाडीवरून समजून घेऊ. खिशातलं लायसन्स माणसाबद्दल बोलतं: हा गाडी चालवू शकतो. आरसी बुक गाडीबद्दल बोलतं: ही गाडी, हा तिचा नंबर, हा तिचा मालक. बंदुकीचंही तसंच आहे. परवाना माणसाला मिळतो, नोंदणी शस्त्राची होते. तिसरी गोष्ट म्हणजे पूर्वतपासणी. दुकानदार विक्रीच्या वेळी विचारून घेतो, की या गिऱ्हाइकाला बंदूक विकायला कायद्याची आडकाठी आहे का. उत्तर मिळालं की विषय संपला.

भारतात परवाना आणि नोंदणी एकाच पुस्तिकेत येतात. परवान्यावरच शस्त्राचा प्रकार आणि क्रमांक लिहिलेला असतो, आणि आता प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय माहितीसाठ्यातला एक विशिष्ट क्रमांकही मिळतो. अमेरिकेत केंद्रीय कायद्याचा सगळा भर पूर्वतपासणीवर आहे. १९९८ पासून दुकानदार ही तपासणी एफबीआयच्या यंत्रणेमार्फत करतात. गिऱ्हाईक तपासणीत पास झालं, तर त्याची ओळख पटवणारी नोंद २४ तासांच्या आत पुसून टाकावी लागते. सरकार विचारतं, आणि विचारल्याचं विसरून जातं. हे विसरणं कायद्याने सक्तीचं आहे.

कागद आहेत, यादी नाही

मग बटलरचा तो क्रमांक सापडला कसा? प्रत्येक परवानाधारक दुकानदाराला आपल्या दुकानात वही ठेवावी लागते: कुठली बंदूक कुठून आली, कुणाला विकली. गिऱ्हाईक एक फॉर्म भरून सही करतं, तोही दुकानातच राहतो. दुकान कायमचं बंद झालं की हे सगळं दप्तर मार्टिन्सबर्गला जातं. तिथे केंद्राच्या शस्त्रविषयक खात्याचं शोधकेंद्र आहे. या खात्याला एटीएफ म्हणतात. दप्तर इतकं साचत गेलं, की एके काळी इमारतीत मावेना आणि आवारात मालवाहू कंटेनर उभे करून त्यात खोकी ठेवावी लागली.

हे कागद आता स्कॅन केले जातात, पण नुसत्या फोटोंसारखे. एखाद्याचं नाव टाकलं आणि त्याच्याकडच्या बंदुका पडद्यावर आल्या, असा शोध तिथे घेता येत नाही. तशी सोय मुद्दामच ठेवलेली नाही. कारण १९८६ च्या बंदूकमालक संरक्षण कायद्याने बंदुका, त्यांचे मालक आणि खरेदी-विक्री यांची केंद्रीय नोंदणी उभारायला बंदी घातली आहे. म्हणून कर्मचारी एकेक पान डोळ्यांनी चाळतात. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढायचा तर आधी कारखान्याला विचारायचं, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला. दुकान बंद झालं असेल, तर मार्टिन्सबर्गच्या खोक्यांत.

एवढं करून पत्ता लागतो तो पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत. पुढची गोष्ट आपल्याकडे सेकंडहँड मोटारसायकल घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गाडी विकली, पैसे घेतले, पण आरटीओत नाव बदललंच नाही. दहा वर्षांनी त्या गाडीने कुणाला उडवलं, की पोलीस पहिल्या मालकाच्या दारात. अमेरिकेत अनेक राज्यांत एका खासगी माणसाने दुसऱ्याला बंदूक विकली, तर त्याची कुठेही नोंद होत नाही. बटलरच्या प्रकरणात बाप आणि मुलगा एकाच घरात होते, म्हणून पहिला धागाच पुरेसा ठरला. बंदूक चार हात फिरलेली असती तर तो अर्ध्या तासाचा चमत्कार घडला नसता.

‘आधी यादी, मग जप्ती’

नोंदणीच्या विरोधकांचा हा मुख्य मुद्दा. त्यांचं म्हणणं असं: सरकारला आज माझी बंदूक नको असेल. उद्या सरकार बदलेल, कायदा बदलेल, आणि हातात तयार यादी असेल.

हा कल्पनेचा खेळ म्हणून उडवून लावता येत नाही. न्यूयॉर्क शहराने १९६७ साली रायफल आणि शॉटगनची नोंदणी सक्तीची केली. लोकांनी नोंदणी केली. १९९१ साली शहराने लष्करी धाटणीच्या काही रायफलींवर बंदी आणली, आणि त्या नोंदणीकृत मालकांना पत्रं गेली: बंदूक निकामी करा, शहराबाहेर हलवा किंवा जमा करा. ज्यांनी कायदा पाळून नाव नोंदवलं होतं, त्यांनाच पत्र आलं. ज्यांनी कायदा मोडला होता, त्यांना कोण पत्र पाठवणार?

यादी फुटण्याची भीतीही खरी आहे. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका दैनिकाने दोन काउंटींमधल्या, म्हणजे जिल्ह्यांमधल्या पिस्तूल-परवानाधारकांची नावं आणि पत्ते नकाशावर टाकून प्रसिद्ध केले. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याकडून परवानाधारकांची खासगी माहिती इंटरनेटवर उघडी पडली. चोराच्या दृष्टीने हा कुठल्या घरात बंदूक मिळेल याचा नकाशाच आहे. नवऱ्याच्या जाचातून सुटून दुसऱ्या गावी राहणाऱ्या बाईच्या दृष्टीने तो तिचा पत्ता आहे.

आणि एका कामासाठी केलेली यादी दुसऱ्याच कामाला जुंपली जाते, याचा अमेरिकेला बंदुकांच्या बाहेरचाही अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबलं गेलं. त्यांच्या वस्त्या शोधायला जनगणनेची माहिती वापरली गेली. माहिती घेताना ती गुप्त राहील असा शब्द दिलेला होता. जनगणना खात्याच्या प्रमुखांनी २००० साली त्याबद्दल माफी मागितली.

मी नोंदणीच्या बाजूचा आहे. तरी हा सगळा भाग लिहिताना मला एकदाही ‘पण’ म्हणावंसं वाटलं नाही. ही भीती खरी आहे. प्रश्न एवढाच, की यादी नसली म्हणजे जप्ती टळते का?

न्यूझीलंडचं उदाहरण याला नेमकं उत्तर देतं. तिथे १९८३ च्या कायद्याने माणसाला परवाना ठेवला, पण साध्या रायफली आणि शॉटगनची नोंदणी सोडून दिली. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवर हल्ला झाला, ५१ जणांचा जीव गेला. हल्लेखोराकडे परवाना होता. त्यानंतर संसदेने बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली आणि सरकारने भरपाई देऊन पन्नास हजारांहून जास्त बंदुका परत घेतल्या. पूर्ण यादी नसतानाही बंदी आली, कारण बंदी संसदेत ठरते, नोंदवहीत ठरत नाही. यादी नसल्याचा परिणाम दुसरीकडे झाला. एकूण किती बंदुका होत्या आणि किती मागे राहिल्या, हे नक्की कुणालाच सांगता येईना. जून २०२३ पासून न्यूझीलंडने नव्याने नोंदणी सुरू केली आहे.

पण हक्काची नोंदणी कशी करता येईल?

गाडीची उपमा दिली की अमेरिकन माणूस लगेच अडवतो: गाडी चालवणं हा घटनेतला हक्क नाही, बंदूक बाळगणं आहे. त्यांच्या घटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ ची. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. तेव्हा उपमा लंगडी आहे हे मान्य करायला हवं.

मतदान घ्या. मत देण्यासाठी यादीत नाव लागतं. यादी नसेल तर एकाच्या नावावर दहा मतं पडतील. म्हणजे हक्काची नोंद करता येते. पण उलट उदाहरणही तितकंच बोलकं आहे. हुकूमशहा चाउशेस्कूच्या रुमानियात १९८३ पासून घरातल्या टाइपरायटरची पोलिसांकडे नोंद करावी लागे, कुठल्या यंत्रावर काय टाइप झालं हे ओळखता यावं म्हणून. नोंद बोलण्यावर पहारा ठेवण्यासाठी होती.

या दोन टोकांमध्ये बंदूक कुठे बसते? मला वाटतं, हानी कुणाची होऊ शकते यावर ते ठरतं. टाइपरायटर शेजाऱ्याच्या भिंतीतून आरपार जात नाही. वॉशिंग्टन शहराच्या नोंदणीचं प्रकरण २०११ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयापुढे आलं, तेव्हा पिस्तुलांची मूलभूत नोंदणी न्यायालयाने ग्राह्य धरली. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने दर तीन वर्षांनी पुन्हा नोंदणी करा, बंदूक घेऊन कचेरीत या, महिन्याला एकच नोंदवा अशा अटी मात्र रद्द केल्या. हक्क आहे म्हणून नोंदच नको, हे न्यायालयाला पटलं नाही. नोंद आहे म्हणून वाटेल तेवढे हेलपाटे घालायला लावा, हेही पटलं नाही.

चोर कशाला नोंदणी करेल?

हा आक्षेप सगळ्यांच्या तोंडी असतो आणि तो बरोबर आहे. चोर नोंदणी करत नाही. १९६८ चा एक निकाल तर वाचून माणूस चक्रावतो. नोंदणी न केलेलं शस्त्र बाळगल्याबद्दल एकाला शिक्षा झाली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण त्याने नोंदणी करायला जाणं म्हणजे स्वतःच गुन्हा कबूल करणं, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून ही फट बुजवली. पण मुद्दा स्पष्ट झाला: नोंदणीची सक्ती मुळात कायदा पाळणाऱ्यावर चालते.

मग उपयोग काय? उपयोग चोराच्या एक पाऊल अलीकडे आहे. अमेरिकेत गुन्ह्यात सापडणारी बहुतेक बंदूक जन्माला कायदेशीरच येते. कारखान्यातून दुकानात, दुकानातून एका निर्दोष कागदपत्रांच्या गिऱ्हाइकाकडे. तिथून पुढे ती वाट सोडते. या वळणावरच्या व्यवहाराला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: बेनामी खरेदी. ज्याला विकत घेता येत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याने आपल्या नावावर घ्यायची. प्रत्येक बंदूक शेवटच्या मालकाच्या नावावर असेल, तर दहा बंदुका घेऊन नऊ ‘हरवल्या’ म्हणणाऱ्याला कुणीतरी विचारेल. १९३४ पासून अमेरिकेत मशीनगनची मात्र केंद्रीय नोंद आहे, त्या काळी २०० डॉलर कर लावून सुरू केलेली. त्या यादीतली मशीनगन गुन्ह्यात सापडणं फार दुर्मीळ आहे.

इथे एक कबुली द्यायला हवी. एकट्या नोंदणीने खून कमी होतात, असा ठाम पुरावा नाही. पुरावा जरा बळकट आहे तो विकत घेण्याआधी परवाना लागण्याच्या बाजूने. मिसुरी राज्याने २००७ मध्ये असा परवाना रद्द केला, आणि त्यानंतर तिथे बंदुकीने होणारे खून वाढल्याचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं.

नोंदणीचं माझ्या मते सगळ्यात मोठं काम वेगळंच आहे, आणि ते घरात घडतं. समजा बायकोला मारहाण करणाऱ्या नवऱ्यावर न्यायालयाने संरक्षण आदेश काढला. अशा माणसाकडे आदेशाच्या काळात बंदूक असू नये हा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी योग्य ठरवला. आता पोलीस दारात उभे आहेत. तो म्हणतो, ‘दोन आहेत,’ आणि दोन काढून देतो. तिसरी माळ्यावर आहे की नाही, हे कोण सांगणार? बायकोला माहीत असेल, पण ती त्याच्यासमोर बोलेल का? कॅलिफोर्नियात नोंदी असल्यामुळे ज्यांचा बंदूक बाळगण्याचा अधिकार नंतर गेला, अशांची नावं शोधणारी यंत्रणा २००६ पासून चालते. बाकी बऱ्याच ठिकाणी पोलिसांना त्या नवऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं.

कॅनडाने करून पाहिलं आणि मोडलं

६ डिसेंबर १९८९ ला माँट्रियालच्या इकोल पॉलिटेक्निकमध्ये एका माणसाने १४ तरुणींना ठार मारलं. वर्गात शिरून त्याने मुलग्यांना वेगळं काढलं होतं. त्या हत्याकांडानंतर उभ्या राहिलेल्या चळवळीतून १९९५ चा कायदा आला. पिस्तुलांची नोंद कॅनडात १९३४ पासूनच होती. आता शेतकऱ्याची रायफल आणि शिकाऱ्याची शॉटगनही नोंदवायची होती.

सरकारने सांगितलं होतं की शुल्क वजा जाता खर्च २० लाख डॉलर येईल. डिसेंबर २००२ मध्ये महालेखापाल शीला फ्रेझर यांनी अहवाल दिला, की २००५ पर्यंत खर्च १०० कोटी डॉलरपर्यंत जाईल. खर्चाचा खरा आकडा संसदेपासून लपून राहिला, यावर त्यांचा जास्त राग होता. या आकड्याने नोंदणीचं नाव कायमचं खराब केलं. पोलीसप्रमुख म्हणत, आमचे लोक रोज हजारो वेळा ही यादी पाहतात. विरोधक म्हणत, त्यातल्या बऱ्याच चौकशा संगणक आपोआप करतो, गाडीचा नंबर तपासला तरी त्या मोजल्या जातात. प्रेअरीतला, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांतला शेतकरी म्हणे, माँट्रियालमध्ये गुन्हा झाला आणि फॉर्म मी का भरतोय?

२०१२ मध्ये ही नोंदणी रद्द झाली. नुसती थांबवली नाही, सुमारे ७० लाख बंदुकांच्या नोंदी नष्ट करायचं ठरलं. क्वेबेक प्रांताने आपल्या हद्दीतल्या नोंदी तरी द्या म्हणून न्यायालय गाठलं. ते प्रकरण मार्च २०१५ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा एका मताने क्वेबेक हरलं. ज्या प्रांतात त्या १४ जणी मारल्या गेल्या, त्याने मग स्वतःची वेगळी नोंदणी कोऱ्या वहीपासून सुरू केली. ती २०१८ मध्ये लागू झाली.

कॅनडातून लोक आपल्याला हवं ते घेतात. विरोधकांना पैशाची नासाडी दिसते, समर्थकांना राजकारण. मला दिसते ती अंमलबजावणी. किचकट फॉर्म आणि बिघडलेलं संगणकाचं काम यांनी हजारो सरळ माणसांना कायद्याच्या विरोधात उभं केलं.

आपल्याकडे हा वाद होऊन गेला आहे

१८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत दोन कायदे आले. एक देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा. दुसरा शस्त्रांचा: भारतीयाला शस्त्रासाठी परवाना, गोऱ्यांना सूट. वृत्तपत्रांचा कायदा रिपनने काही वर्षांतच मागे घेतला. शस्त्रांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही १९५९ चा नवा कायदा येईपर्यंत टिकला. त्या काळच्या भारतीयाला शस्त्रांची यादी म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, नियमांच्या अधीन राहून. १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामत यांनी तो हक्क घटनेत घालावा अशी सूचना संविधान सभेत मांडली. ती फेटाळली गेली. घटनेत उरला तो शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क.

म्हणून आपल्याकडे बंदूक ही सवलत आहे, आणि नोंद गृहीत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. पण नोंद गृहीत असल्याने यादी पूर्ण होते असं नाही. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी १० लाख बंदुका आहेत. त्यातल्या नोंदणीकृत जेमतेम ९७ लाख. बाकीच्यांत गावठी कट्टे आले, जे जन्मालाच बेकायदा येतात. त्यांच्यापुढे कुठलीही नोंदवही हतबल आहे.

यादीत जो आहे, त्याला मात्र ती दर निवडणुकीत भेटते. कोकणात आणि गोव्यात वानर आणि रानडुकरांपासून पीक राखायला शेतकऱ्याकडे परवान्याची बंदूक असते. आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून निरोप येतो, बंदूक जमा करा. यादी असल्यामुळे कुणाकडे जायचं हे ठाण्याला बरोबर माहीत असतं. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे खरं तर छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करायचा असतो: जामिनावर आहे का, गुन्हे आहेत का, पूर्वी दंगलीत नाव होतं का. सरसकट सगळ्यांना नोटीस काढू नका, हे मुंबई उच्च न्यायालयानेही बजावलं आहे. समितीने आपलं काम केलं, तर गुन्ह्याची एकही नोंद नसलेल्या शेतकऱ्याची बंदूक घरीच राहते. नाही केलं, तर लोकसभेच्या निवडणुकीत, ऐन काजू-आंब्याच्या दिवसांत, बंदूक ठाण्यात आणि रानडुकरं बागेत. यादी दोन्ही वेळा तीच असते.